गोठवणारे धुके आणि कडाक्याची थंडी : विभागाचा अंदाज आपल्या दारापर्यंत कसा आणावा

हिवाळा ऐन भरात आला की सबंध विभागासाठी एक अंदाज जाहीर होतो : येत्या चार-पाच दिवसांत कडाक्याची थंडी, सखल भागांत गोठवणारे धुके, काही ठिकाणी बोचरे वारे. तिन्ही गोष्टी एका दमात सांगितल्या की त्या एकत्रच येणार असे वाटते. पण धुके टिकायला हवा जवळजवळ थांबलेली लागते, आणि थंडी अंगाला झोंबते ती वाऱ्यामुळे. त्यामुळे एकाच जागी, एकाच तासाला दोन्ही गाठ पडण्याची शक्यता कमी असते. दरीत धुके असते तेव्हा वारा कड्यावर असतो. आज वारा असतो, तर धुके तीन दिवसांनी येते. दोघांपासून सांभाळायची रीत वेगळी आहे. म्हणून अंदाज हाती आला की सामान गोळा करण्याआधी तो सुटा करून वाचायला हवा.

पहिली पायरी : दिवसांचा क्रम लावा

थंडीची लाट बहुधा ठरावीक क्रमाने येते. आधी ध्रुवीय किंवा बर्फाळ प्रदेशातली जड हवा आत घुसते. त्या दिवशी वारा असतो, ढग पांगतात, पारा भराभर उतरतो. मग जास्त दाबाचे क्षेत्र डोक्यावर येऊन बसते. वारा पडतो, आकाश निरभ्र होते आणि लांबलचक रात्रभर जमीन आपली उष्णता वर सोडत राहते. लाटेतले सर्वांत कमी तापमान पुष्कळदा याच शांत रात्रींत नोंदले जाते, वाऱ्याच्या दिवशी नाही. त्यानंतर साचून राहिलेल्या या थंड हवेत ओल्या जमिनीतून, नद्या-तळ्यांतून, वितळत्या हिमातून ओलावा मिसळतो आणि धुके धरते.

या टप्प्यावर जमिनीलगत थंड हवा आणि तिच्या वर उबदार हवा अशी उलटी मांडणी झालेली असते. भूगोलाच्या पुस्तकात तिला तापमानाची विपरीतता म्हणतात. वरची उबदार हवा भांड्यावरच्या झाकणासारखी बसते आणि खालचे धुके, धूर, ओलावा काहीच बाहेर पडू देत नाही. अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटीचे खोरे, कोलंबिया नदीचे खोरे, इटलीतील पो नदीचे मैदान येथे हिवाळ्यात धुके किंवा धुरके दिवसच्या दिवस अडकून राहते, त्याचे कारण हेच. हिवाळ्यातला सूर्य खूप खाली असतो; जाड धुके विरवण्याइतकी ताकद त्याच्यात नसते. नवा वारा आला की मगच कोंडी फुटते.

एक कागद घ्या आणि प्रत्येक दिवसापुढे तीन गोष्टी लिहा : वारा, ढग, किमान तापमान. वारा ताशी ८-१० किलोमीटरच्या आत आणि आकाश निरभ्र असेल, तर ती रात्र धुक्याची समजा. वारा ताशी २० किलोमीटरच्या वर असेल, तर तो दिवस वाऱ्याच्या थंडीचा. पुढचे सगळे नियोजन या कागदावरून करायचे.

दुसरी पायरी : आपली जागा ओळखा

अंदाजातले तापमान जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटर उंचीवर, सावलीत, हवेशीर पेटीत मोजलेल्या हवेचे असते. शांत, निरभ्र रात्री गवताच्या पातीवर किंवा गाडीच्या टपावर याहून कित्येक अंश कमी तापमान असते. म्हणून अंदाजात किमान २-३ अंश लिहिलेले असतानाही सकाळी पायऱ्या आणि टपावर बर्फ सापडतो. अंदाज चुकलेला नसतो. त्यात जमिनीचे तापमान सांगितलेलेच नसते.

थंड हवा जड असते आणि पाण्यासारखी उताराने खाली वाहते. नदीकाठ, दरीचा तळ, चहूबाजूंनी उंचवटे असलेला खोलगट भाग येथे ती साचते. तिथून शंभर-दोनशे मीटर उंचीवर डोंगराच्या कुशीत राहणाऱ्याला त्याच सकाळी लख्ख ऊन मिळू शकते आणि खाली पांढरा समुद्र दिसतो. तेव्हा विभागासाठी दिलेला एकच आकडा दोघांनी सारखा वाचून चालत नाही.

भिंतीपासून दूर, सावलीच्या जागी एक साधा तापमापक टांगा आणि शांत रात्रींनंतर सकाळी त्याची नोंद जवळच्या हवामान केंद्राशी ताडून पाहा. आपली जागा केंद्रापेक्षा किती थंड पडते, हे थोड्याच दिवसांत कळते. तशाच प्रकारच्या रात्रींना तो फरक साधारण तेवढाच राहतो. माझ्या मते थंडीच्या तयारीत याहून उपयोगी माहिती दुसरी नाही, कारण ती कुठल्याही ॲपवर मिळत नाही.

तिसरी पायरी : धुके पडणार का, हे संध्याकाळीच ताडा

यासाठी दवबिंदू पाहायचा. हवा ज्या तापमानाला पोचली की तिच्यातली वाफ पाणी होऊ लागते, ते तापमान म्हणजे दवबिंदू. बहुतेक हवामान ॲपवर तो आर्द्रतेच्या शेजारीच दिलेला असतो आणि फारसे कोणी तिकडे पाहत नाही.

समजा, दुपारी ४ वाजता तापमान ४ अंश आणि दवबिंदू १ अंश आहे. रात्रीचे किमान उणे ३ अंश सांगितले आहे, वारा ताशी ५ किलोमीटर, आकाश मोकळे. हवेला संपृक्त (म्हणजे वाफेने पुरती भरलेली) व्हायला ३ अंश उतरायचे आहे, आणि ती ७ अंश उतरणार आहे. म्हणजे मध्यरात्रीच्या आसपासच धुके धरायला लागेल आणि पुढे तेच धुके शून्याखाली जाईल. ही गोठवणाऱ्या धुक्याची रात्र. आता याच आकड्यांत दवबिंदू उणे ८ ठेवून पाहा : हवा कोरडी आहे, ती संपृक्त होणारच नाही, सकाळ कडक थंडीची पण स्वच्छ उजाडेल. वारा ताशी २० किलोमीटर धरला, तर वरची-खालची हवा ढवळली जाईल आणि धुके जमणार नाही. ढगांचे जाड आच्छादन असेल, तर रात्रीची घसरण मंदावेल.

पहाटे निघायचे असेल, तर जवळच्या विमानतळाचा हवामान अहवाल पाहा. तो सगळ्यांसाठी खुला असतो आणि दिवसभर ठरावीक अंतराने ताजा होतो. गोठवणाऱ्या धुक्याचा त्यातला संकेत ‘एफझेडएफजी’ असा आहे. तापमान आणि दवबिंदू तिरप्या रेघेने जोडलेले असतात आणि शून्याखालच्या आकड्याआधी ‘एम’ हे अक्षर लावतात. ‘एम०२/एम०२’ म्हणजे दोन्ही उणे २. दोन्ही आकडे एकच झाले, म्हणजे हवा संपृक्त झाली. एक लक्षात ठेवा, सूर्य उगवल्यावर लगेच धुके निवळते असे नाही. हवा जराशी हलू लागते आणि पहिल्या तास-दीड तासात ते अनेकदा आणखी दाट होते. शाळा-ऑफिसला निघण्याची वेळ नेमकी तीच असते.

शब्दांपेक्षा मीटर पाहावेत. दृश्यमानता १,००० मीटरच्या खाली गेली की शास्त्राच्या भाषेत ते धुके. ‘दाट’ कशाला म्हणायचे, याची मोजमापे देशोदेशी वेगळी आहेत. आपल्याला किती मीटर दिसणार, हाच आकडा गाडीच्या वेगाशी जोडता येतो.

चौथी पायरी : बर्फ कुठे धरतो, ते जाणून घ्या

पाणी शून्य अंशाला गोठते हे आपण शाळेत शिकतो. पण धुक्याचा थेंब अगदी बारीक असतो, आणि गोठायला सुरुवात करण्यासाठी त्याला एखादा योग्य कण किंवा पृष्ठभाग लागतो. तो मिळाला नाही, तर उणे १० अंशांतही थेंब द्रवच राहतो. अशा अतिशीत थेंबांचे धुके म्हणजे गोठवणारे धुके. हे थेंब तारेला, फांदीला, काचेला, रस्त्याला लागले की त्या क्षणी गोठतात. साधारण उणे ३० अंशांच्या खाली प्रकार बदलतो : तिथे धुके बर्फाच्या स्फटिकांचेच होते. रशियातील याकुत्स्क आणि अलास्कातील फेअरबँक्स येथे असे धुके दिसते.

कुंपणाची जाळी जवळून पाहिली की हे सगळे उलगडते. ज्या बाजूने हवेची किंचित हालचाल असते, त्याच बाजूला तारेवर पांढरी, खरखरीत झालर वाढलेली असते आणि मागची बाजू जवळजवळ उघडी असते. रस्त्यावर मात्र हेच थेंब पातळ, पारदर्शक थर बनतात. खालचे डांबर आरपार दिसते आणि रस्ता नुसता ओला वाटतो. गोठवणाऱ्या धुक्यातला खरा धोका हा आहे. धुके डोळ्यांना दिसते, म्हणून माणूस सावध होतो. हा थर दिसत नाही.

पूल आणि उड्डाणपूल आधी गोठतात, कारण त्यांना खालूनही थंड हवा लागते आणि जमिनीची ऊब मिळत नाही. त्यापाठोपाठ पाण्याकाठचे रस्ते, दिवसभर सावलीत राहिलेली वळणे, पायऱ्या, लोखंडी कठडे. गाडीत बसल्यावर दोन खुणांवर नजर ठेवा. आरशाच्या पुढच्या कडेवर किंवा अँटेनावर पांढरा थर धरू लागला, तर रस्त्यावरही तेच चालू आहे असे समजा. दुसरी खूण अधिक महत्त्वाची : रस्ता ओला दिसतो, पण पुढच्या गाडीच्या चाकांतून पाणी उडत नाही आणि आपल्या टायरचा नेहमीचा सळसळ आवाज एकाएकी थांबतो. तसे झाले, तर खाली बर्फ आहे.

पाचवी पायरी : निघायचेच असेल, तर

प्रवास पुढे ढकलता येत असेल, तर ढकला. दुपारी १२ ते ३ ही वेळ बहुतेक दिवशी सर्वांत बरी असते. ढकलता येत नसेल, तर हे गणित आधी डोक्यात बसू द्या.

ताशी ५० किलोमीटर वेगाने चाललेली गाडी कोरड्या रस्त्यावर ब्रेक लावल्यावर साधारण १४ मीटरमध्ये थांबते. गुळगुळीत बर्फावर तिलाच जवळपास १०० मीटर लागतात. शिवाय ब्रेकवर पाय जाईपर्यंतच्या एका सेकंदात ती आणखी १४ मीटर पुढे गेलेली असते. वेग ३० वर आणला, तर बर्फावर थांबायला प्रतिक्रियेच्या वेळेसकट ४०-४५ मीटर लागतात. २० वर आणला, तर वीस-बावीस मीटर. आता समोर ५० मीटर दिसत असेल, तर ३० हा वरचा टोकाचा वेग झाला, आणि तोही समोरची वस्तू उभी आहे असे धरून. एकाच गाडीपुरत्या अरुंद रस्त्यावर समोरून वाहन येत असेल, तर दोघांना मिळून तेवढ्याच अंतरात थांबायचे असते. तिथे २० सुद्धा जास्त ठरू शकतो. चालक कितीही सराईत असला, तरी हे अंतर त्याच्यासाठी कमी होत नाही.

निघण्यापूर्वी सगळ्या काचा पूर्ण खरवडून घ्या. पुढच्या काचेवर वीतभर खिडकी करून निघणे फार धोक्याचे आहे. काचेवर गरम पाणी ओतू नका. तापमानातल्या एकदम फरकाने काच तडकते. वायपरच्या टाकीत न गोठणारा द्रव असू द्या, कारण साधे पाणी फवारल्याबरोबर काचेवर गोठते आणि समोरचे दिसेनासे होते. हवा थंड झाली की टायरचा दाबही उतरतो, दर ५-६ अंशांना साधारण १ पीएसआय. बॅटरीची ताकद थंडीत बरीच घटते; आधीच कुरकुरणारी बॅटरी लाट येण्याआधी तपासून घ्या. डिझेल गाडी असेल, तर हिवाळी डिझेल भरलेले हवे. साध्या डिझेलमधले मेण थंडीत थिजते आणि फिल्टर तुंबतो.

हेडलाइट खालच्या झोतावर ठेवा. वरचा झोत धुक्यावर आदळून डोळ्यांवरच परत येतो. नव्या गाड्यांत दिवसा पुढचे दिवे आपोआप लागतात, पण मागचे अनेकदा बंदच असतात. म्हणून दिव्यांचे बटण स्वतः हाताने चालू करा; नाहीतर मागून येणाऱ्याला तुम्ही दिसतच नाही. मागचा फॉग लॅम्प असेल, तर दृश्यमानता १०० मीटरच्या खाली गेल्यावर लावा आणि सुधारली की बंद करा. नजर रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर ठेवा. पुढच्या गाडीचे लाल दिवे धरून चालू नका. पुढचा चालक रस्ता सोडून गेला, तर तुम्हीही जाल. क्रूझ कंट्रोल (वेग आपोआप एकसारखा राखणारी सोय) बंद. पुलाच्या अलीकडेच वेग उतरवा आणि पुलावर ब्रेक, स्टिअरिंग, ॲक्सिलरेटर यांपैकी काहीही झटक्याने वापरू नका.

अगदीच दिसेनासे झाले, तर रस्त्यावर थांबू नका. पूर्ण बाजूला, शक्यतो एखाद्या आवारात गाडी घ्या. रस्त्यालगत थांबावेच लागले, तर हॅझर्ड दिवे सोडून बाकीचे बंद करा आणि ब्रेकवरचा पाय काढा. तुमचे मागचे दिवे पेटलेले राहिले, तर मागचा चालक ती चालती गाडी समजून तुमच्या मागे येतो.

गाडीत ब्लँकेट, पाणी, विजेरी, फोनची बॅटरी, छोटे फावडे आणि थोडी कोरडी वाळू असू द्या. हिमात अडकलात, तर गाडी सोडून चालत निघू नका. इंजिन तासाला दहा मिनिटे चालवा, त्याआधी सायलेन्सरच्या तोंडाशी हिम साचलेले नाही याची खात्री करा आणि एक काच किंचित खाली ठेवा.

सहावी पायरी : वाऱ्याच्या दिवसाची थंडी

अंदाजात ‘जाणवणारे तापमान’ म्हणून वेगळा आकडा असतो. त्याचा उगम अंटार्क्टिकात आहे. पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल या संशोधकांनी तिथे वाऱ्यात पाणी किती वेगाने गोठते हे मोजले आणि १९४५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. २००१ मध्ये अमेरिका आणि कॅनडा यांनी माणसाच्या चेहऱ्यावरून होणाऱ्या उष्णतेच्या ऱ्हासावर आधारलेले नवे सूत्र स्वीकारले. त्या सूत्राप्रमाणे हवा उणे १० अंश आणि वारा ताशी १० किलोमीटर असेल, तर उणे १५ इतके जाणवते. वारा ३० झाला की उणे २०. हवा उणे २० आणि वारा ३० असेल, तर उणे ३३. जाणवणारे तापमान उणे २८च्या खाली गेले की उघडी कातडी १० ते ३० मिनिटांत गोठू शकते.

हा आकडा जिवंत शरीरासाठी आहे. वाऱ्यामुळे नळ किंवा रेडिएटर लवकर थंड होतो, पण हवेच्या तापमानाखाली जात नाही. हवा २ अंश आणि जाणवणारे तापमान उणे ४ असेल, तर नळ गोठणार नाही. मात्र स्कूटरवर निघालेल्या माणसाची बोटे बधिर होतील. माणसांसाठी जाणवणारा आकडा पाहा आणि घरासाठी खरा.

कपड्यांचे तीन थर हवेत : आत घाम शोषून बाहेर टाकणारा, मध्ये ऊब धरणारा, बाहेर वारा अडवणारा. आतला थर सुती नको, तो ओला झाला की ओलाच राहतो. गोठवणाऱ्या धुक्यात अंगावरचे कपडे न कळत दमट होतात, म्हणून तिथे बाहेरचा थर पाणी न धरणारा लागतो.

शरीराचे आतले तापमान ३५ अंशांखाली गेले की हायपोथर्मिया सुरू होतो. हुडहुडी, जीभ जड होणे, तोल जाणे, बटण लावता न येणे ही लक्षणे. हुडहुडी थांबली आणि माणूस अजून थंडच असेल, तर त्याला बरे वाटू लागले असा अर्थ घेऊ नका. प्रकृती गंभीर झाली आहे. वैद्यकीय मदत बोलवा, ओले कपडे काढा, आधी छाती-पोट-मान यांना ऊब द्या, दारू अजिबात देऊ नका. हिमदंशाने बोटे पांढुरकी, कडक, बधिर होतात. ती चोळू नका, त्यांवर बर्फ लावू नका, शेगडीशी धरू नका. पुन्हा गोठण्याची भीती नसेल अशा जागी ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्यात बुडवून ठेवा.

म्हातारी माणसे आणि तान्ही मुले यांना घरातही थंडी बाधते, आणि ती सांगतीलच असे नाही. एकट्या राहणाऱ्या शेजाऱ्याच्या दारावर दिवसातून दोनदा थाप मारा. मनापासून सांगतो, या यादीतले दुसरे काही जमले नाही तरी हे करा.

सातवी पायरी : घर

पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते आणि बंद नळात दाब वाढून तो फुटतो. बाहेरच्या भिंतीतले, गच्चीवरचे, सिंकखालचे पाइप आधी गुंडाळा. कडक रात्री सिंकखालच्या कपाटाची दारे उघडी ठेवा आणि सर्वांत टोकाचा नळ बारीक धारेने चालू ठेवा. मुख्य कॉक कुठे आहे, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवे. पाइप गोठलाच, तर नळ उघडून नळाच्या बाजूकडून मागे हेअर ड्रायरने ऊब द्या. उघडी ज्योत नको.

पायऱ्यांवर मीठ टाकायचे, तर धुके धरण्याआधी टाका. साधे मीठ उणे १० अंशांच्या आसपास निष्प्रभ होऊ लागते. त्याखाली वाळूच उपयोगी, ती बर्फ वितळवत नाही पण पाय धरून ठेवते.

बंद खोलीत कोळशाची शेगडी किंवा जनरेटर कधीही लावू नका. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. घरातल्या सगळ्यांचे एकदम डोके दुखू लागले, मळमळले, तर ताबडतोब बाहेर पडा. विपरीततेच्या दिवसांत बाहेरची हवाही कोंडलेली असते. लंडनमध्ये ५ ते ९ डिसेंबर १९५२ या काळात कोळशाचा धूर असाच धुक्याखाली अडकला आणि हजारो माणसे दगावली. दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी अशा दिवशी सकाळचे फिरणे घरातच करावे.

शेवटची पायरी : थंडी सुटताना

अंदाजात ‘तापमानात वाढ, हलका पाऊस’ आले की सगळे निर्धास्त होतात. हा दिवस कधीकधी सर्वांत घसरडा असतो. उबदार हवा आधी वरून येते. खालची थंड हवा दरीतून हलायला वेळ घेते. वरून पडलेला पाऊस तिच्यातून येताना अतिशीत होतो आणि जमिनीला लागताच काचेसारखा थर धरतो. फांद्या आणि विजेच्या तारा या वजनाने तुटतात. म्हणून आपल्या तापमापकावर शून्याच्या वर आकडा दिसेपर्यंत आणि रस्ते मोकळे झाल्याचे कळेपर्यंत धुक्याच्या दिवसाचेच नियम पाळा. बर्फाने लगडलेल्या झाडाखाली गाडी लावू नका.

नळ फुटल्याचे गोठलेले असताना कळत नाही. आतला बर्फ सुटला की पाणी वाहू लागते. ऊब परतलेल्या दिवशी घर बंद करून बाहेर जाण्याआधी मुख्य कॉक पुरता उघडा, सगळे नळ बंद करा आणि पाण्याचा मीटर पाहा. काटा फिरत असेल, तर कुठेतरी गळती आहे; कॉक बंद करून ती शोधल्याशिवाय निघू नका.